शके एक, फ्लेवर कोणता?

आमच्या घरातलं कॅलेंडर एक्स्पायर झालंय, असा शोध माझ्या धाकट्या बहिणीने ईदच्या सकाळी लावला.

आम्ही शारजात राहतो, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये. खिडकीतून दुबई दिसते आणि दुबईकडे निघालेली, पण अजिबात न हलणारी गाड्यांची रांग दिसते. स्वयंपाकघराच्या दारामागे एक मराठी कॅलेंडर असतं. दरवर्षी कोणीतरी रत्नागिरीहून येताना सुक्या बोंबलांच्या पुड्याबरोबर ते आणतं, त्यामुळे मार्चपर्यंत त्याला वास येतो. कॅलेंडर अब्बांचं. अब्बा रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात आहेत, कामाचे दिवस तिकडेच राहतात आणि सुट्टीला घरी येतात. त्यांना कॅलेंडर लागतं ते भरतीसाठी. पुनवेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे कमी भरती, तिथीवरून पाणी किती वाजता चढणार ते काढायचं, ही आमच्या बंदरातली पद्धत. ते गणित करून अब्बा रास अल खैमाच्या खाडीवर गळ घेऊन जातात आणि दर वेळी चुकीच्या वेळेला पोचतात. "इथल्या पाण्याचं घड्याळ वेगळं हाय," म्हणतात. पण कॅलेंडर बदलत नाहीत.

तर त्या वर्षी ईद आणि पाडवा इथे एकाच दिवशी आले. अम्मी शीरखुर्म्याला बदाम कापत होती. धाकटी दारामागे उभी राहून, एकेक अक्षर जोडत वाचत होती. वाचून झाल्यावर ती गंभीरपणे वळली.

"अब्बा, धिस इज फ्रॉम नाइन्टीन फॉर्टी सेव्हन."

"काय?"

"द कॅलेंडर. इट्स फ्रॉम इंडिपेन्डन्स टाइम."

तिथे लिहिलं होतं, शालिवाहन शके १९४७ प्रारंभ. अब्बा इतके हसले की त्यांच्या नव्या कुर्त्यावर दूध सांडलं. मग त्यांनी तिला समजावलं: हे आपलं जुनं वर्ष, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळव, मग इंग्रजी साल येतं. ईद पण चंद्रावर, पाडवा पण चंद्रावर. चंद्र काय दोन आहेत का?

धाकटीने मोबाइलवर वजाबाकी केली. "सो इयर वन वॉज सेव्हन्टी एट. व्हॉट हॅपन्ड इन इयर वन?"

कोणालाच माहीत नव्हतं. आणि मी, जिने पुण्याच्या होस्टेलात तीन वर्षं जगाला उपदेश करणारी पत्रकं लिहिली, तिलाही नाही. मेसच्या आमटीपासून युद्धबंदीपर्यंत सगळ्यावर मी 'मित्रहो!' म्हणून सुरुवात करून 'आमच्या मागण्या' म्हणून शेवट केला होता. इकडे परत आले तेव्हा अब्बांनी विमानतळावरच सांगितलं, "इथं कागद वाटायचे नाय हां. खलास." तेव्हापासून माझा सगळा संताप बिल्डिंगच्या ग्रुपवर लिफ्टविषयी खर्च होतो. लिफ्ट अजून तशीच आहे.

पण त्या सकाळी मला वर्षाहून दुसरीच गोष्ट दिसली. धाकटीने मराठी वाचलं होतं. स्वतःहून. आदल्या पाडव्यापासून पहिल्यांदा.

ते सांगायलाच हवं. इथल्या एका मराठी मंडळाचा पाडव्याचा मेळावा असतो. आदल्या वर्षी त्यात मुलांना माइकवर बोलावत होते. धाकटी हात वर करून उठली, स्टेजवर गेली आणि म्हणाली, "मना बोलायचं हाय."

'मना' म्हणजे 'मला'. आमच्याकडे असंच म्हणतात. अब्बा म्हणतात, त्यांच्या गावातले सगळे म्हणतात. पण हॉलमध्ये सगळी मुलं हिंदीवर वाढलेली. एकाने खालून ओरडून विचारलं, "बोलना मना है?" हॉल फुटला. सूत्रसंचालक काकांनाही मोह आवरला नाही. "मना? कोणी मना केलं गं बेटा? बोल बोल!" पुन्हा हशा. ती काहीही न बोलता खाली आली. त्यानंतर तिने मराठी सोडलं. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं. माझं आणि अम्मीचं भागतं. अब्बांचं भागत नाही. ती भरभर बोलायला लागली की ते मान डोलावतात आणि मग हळूच मला विचारतात, "काय म्हणाली?" सुट्टीला घरी येऊन स्वतःच्या मुलीला दुभाष्यामार्फत भेटणारा बाप मी बघत होते. मला किती राग यायचा, सांगते? भांडी जोरात आपटण्याइतका.

म्हणून मी ठरवलं. यंदाच्या मेळाव्यात एक टेबल घ्यायचं. वर पाटी: शके १. त्या वर्षी जगात काय चाललं होतं ते मांडायचं. आणि बोलणार धाकटी.

"नो," धाकटी म्हणाली. "आय विल मेक द बोर्ड. यू टॉक."

"आपण बघू."

"आपा. नो."

ईदमुळे मेळावा पुढे ढकलला होता, त्यामुळे वेळ मिळाला. मंडळाच्या काकूंना मी मेसेज केला. त्यांच्या ग्रुपवर सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, म्हणून मीही तसंच लिहिलं. 'शके वन नावाचा स्टॉल लावायचा आहे', पण रोमन लिपीत. काकूंचं उत्तर लगेच आलं. मस्त कल्पना, उन्हाळा सुरूच झालाय, मुलं खूश होतील! मला वाटलं, किती उत्साही बाई. मग त्यांनी विचारलं, मिक्सर लागेल का? मी समजले साउंडवाला मिक्सर. लिहिलं, नको, माझी बहीण मोठ्याने बोलेल. त्यावर त्यांनी एक गोंधळलेला पिवळा चेहरा पाठवला आणि त्याखाली होकाराचा अंगठा. विषय संपला.

आता वर्षाकडे. इसवी सन अठ्ठ्याहत्तर. (एकात अठ्ठ्याहत्तर मिळवले तर एकोणऐंशी येतात, पण पंचांगात सरलेली वर्षं मोजतात, म्हणून पहिलं वर्ष अठ्ठ्याहत्तरातच सुरू होतं.) धाकटी शाळेतून आली की लॅपटॉप घेऊन बसायची आणि खोलीतून ओरडायची.

"आपा! द रोमन किंग टॅक्स्ड पी!"

खरंच. त्या वर्षी रोमला एक म्हातारा बादशहा होता, करवसुली करणाऱ्या घरातला. यादवी युद्धात गादी मिळवली, तिजोरी रिकामी मिळाली. मग त्याने सार्वजनिक मुताऱ्यांतल्या लघवीवर कर बसवला, कारण परीट आणि कातडी कमावणारे ती विकत घ्यायचे. त्याच पैशातून नि लुटीतून रोमच्या मध्यभागी दगडाचं ते अवाढव्य लंबगोल क्रीडागार उठत होतं. आज लोक त्यासमोर सेल्फी काढतात. त्या वर्षी तिथे नुसती धूळ आणि मजूर. मजूर कुठून आणले, कोणी विचारत नाही. उंच इमारतींच्या देशात राहून मला तो प्रश्न पहिला सुचतो, माझा इलाज नाही.

"मराठीत पी-टॅक्सला काय म्हणतात?" धाकटीने अम्मीला इंग्रजीत विचारलं.

"मुतारीपट्टी," अब्बा सोफ्यावरून म्हणाले.

"मुलींसमोर हे काय बोलणं!" अम्मी. पण हसत होती.

त्याच सुमाराच्या एका रोमन नाण्यावर धनगर शेळीचं दूध काढतोय, दुसऱ्यावर पिलांसकट डुकरीण आहे. जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य आणि नाण्यावर शेळी! मला तो म्हातारा थोडा आवडायला लागला होता. पुढच्याच वर्षी तो मेला आणि इटलीतला ज्वालामुखी फुटून पॉम्पेई शहर गाडलं गेलं. शके एकमध्ये मात्र पॉम्पेईत लोक भट्टीतून पाव काढत होते आणि भिंतींवर एकमेकांना शिव्या लिहीत होते. भिंतींवर लिहिणाऱ्यांविषयी मला जिव्हाळा आहे.

रोमच्या पूर्वेला पार्थियन. म्हणजे आत्ताचा इराक, इराण, ह्याच आखाताचं वरचं टोक. तिथला जुना राजा त्या सुमारास संपला. त्याने रोमशी आधी लढून मग नीट तह केला होता, आणि नंतर उत्तरेकडून टोळ्या आल्या तेव्हा रोमकडे मदत मागितली होती. रोमने हात वर केले. राजा गेल्यावर घोळ झाला: त्याच काळाची दोन वेगवेगळ्या राजांची नाणी सापडतात. दोघांचंही म्हणणं, राजा मीच. आणि दोघांच्याही नाण्यांवर साल कोरलंय ते ग्रीकांच्या सनाचं, महिन्यासकट. ज्या ग्रीक राजांना पार्थियनांनी हाकललं त्यांचंच कॅलेंडर! राज्य घेतलं, पण दारामागचं कॅलेंडर कोणी काढलं नाही. अब्बांना हे फार पटलं.

आणि इथे, आपण राहतो तिथे? शेजारच्या उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यावर आणि शारजाच्या वाळवंटात त्या काळातल्या वस्त्या खणून काढल्यात. त्यांत रोमकडची काच निघाली, हिंदुस्थानातली भांडी निघाली. म्हणजे आपल्याकडची माणसं या किनाऱ्यावर तेव्हाही सामान उतरवत होती. व्हिसा होता की नव्हता, माहीत नाही.

राहता राहिला मुख्य प्रश्न. हे शके सुरू केलं कोणी? आमच्या शाळेत सांगायचे, शालिवाहनाने मातीचे सैनिक केले, त्यांत प्राण फुंकले, शकांना हरवलं. अभ्यासकांतले बरेच म्हणतात, तसं नाही, हा सन बाहेरून आलेल्या राजांनीच चालू केला. शक पार्थियनांच्या मुलखाकडून सरकत सरकत इकडे आले. अभ्यासकांतही वाद आहेत. पण मला एवढंच पुरलं! मी रात्रीतून पत्रक लिहून काढलं. 'मित्रहो! ज्या वर्षाची गुढी तुम्ही उभारता ते वर्ष कोणाचं? परक्यांचं! मग परकं कोण?' त्यात मी 'तुम्ही मराठी छान बोलता हो' असं आम्हाला ऐकवणाऱ्या तमाम काकांचा समाचार घेतला होता. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते. रत्नागिरीत जन्मलेल्या माझ्या आईला ऐकवतात. अहो, तिने काय फ्रेंच बोलायला हवं होतं?

धाकटीने वाचलं, म्हणजे मी तिला वाचायला लावलं. "आपा, यू आर शाउटिंग. ऑन पेपर."

"ओरडायलाच हवं."

"नोबडी विल कम निअर." आणि तिने स्वतः बोर्ड केला. मध्ये शेळी. डावीकडे रोम, उजवीकडे एकमेकांना ढकलणारे दोन दाढीवाले राजे, खाली होडी. माझ्या पत्रकातलं तिने एकच वाक्य ठेवलं: परकं कोण? तेही कोपऱ्यात, लहान अक्षरांत.

मेळाव्याच्या दिवशी अब्बा परस्पर रास अल खैमाहून येणार होते. आम्ही तिघी शाळेच्या त्या हॉलमध्ये पोचलो आणि आमचं टेबल शोधायला लागलो. प्रदर्शनाच्या बाजूला नव्हतं. पुस्तकांच्या बाजूला नव्हतं. ते होतं खाण्याच्या रांगेत, मिसळ आणि पन्हं यांच्यामध्ये. टेबलामागे मंडळाने छापून घेतलेला चकचकीत बॅनर. त्यावर इंग्रजीत, हातभर उंच अक्षरांत, 'SHAKE 1'. बाजूला गुलाबी स्ट्रॉबेरी, ग्लास, स्ट्रॉ. वरून फेस ओघळतोय.

अम्मीने तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलत होते.

समोर मुलांची रांग लागलेली. चांगली पन्ह्यापर्यंत.

"आँटी, कोणते फ्लेवर आहेत?"

"वन स्ट्रॉबेरी, वन चॉकलेट प्लीज."

"यल्ला आँटी, क्विक, इट्स सो हॉट!"

काकू लगबगीने आल्या. "अगं किती उशीर! बर्फ कुठाय तुमचा? आणि मिक्सर नको म्हणालीस, मग हाताने घुसळणार की काय?"

"काकू, हा शके आहे."

"हो ना, शेक."

"शेक नाही! श-के! शालिवाहन शके!"

काकूंनी बॅनरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं. "अगं बाई." मग एकदम चिडल्या. "मग मराठीत नाही का लिहायचं?"

"तुमच्या ग्रुपवर मराठी अक्षरं चालतात का? एक तरी बाराखडी दाखवा!"

"आवाज चढवू नकोस हं."

"चढवणार! मराठी मंडळात शके म्हटल्यावर स्ट्रॉबेरी आठवते, हे काय..."

आणि मी सुरू झाले. 'मित्रहो' पासून. मला वाटतं मी चांगली बोलत होते. पण रांगेतली मुलं 'व्हॉट इज शी सेइंग' करत एकमेकांना ढकलत होती, पन्हंवाले वैतागले होते, आणि जॅकेट घातलेले एक काका अम्मीजवळ येऊन, मान तिरकी करून म्हणत होते, "तुमची मुलगी मराठी छान बोलते हो!"

मी आणखी ओरडले. त्याचा परिणाम असा झाला, की रांगेतली मागची मुलं निघून जायला लागली.

तेव्हा धाकटी खुर्चीवर चढली. मी तिला सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहतही नव्हते.

"मना बोलायचं हाय," ती म्हणाली.

पुन्हा तेच वाक्य. आणि रांगेतून, अगदी ठरल्यासारखा, एक मुलगा ओरडला, "बोलना मना है!" दोघं-तिघं हसले.

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. कान लाल झाले होते तिचे.

"तुला मना हाय," ती म्हणाली. "मना मना नाय!"

क्षणभर कोणाला कळेना. मग हिंदीवाल्यांना कळलं, मराठीवाल्यांना कळलं, आणि जो हशा उठला तो त्या मुलाच्या अंगावर गेला. तोही हसला. काय करणार बिचारा.

"हे पियाचं नाय," ती बॅनरवर हात आपटत म्हणाली. "शके हाय. शके म्हणजे आपलं वर्ष. हे वर्ष एक. त्या वर्षी रोममधी एक म्हातारा राजा होता, त्यानं मुतारीवर टॅक्स लावला."

मुलं थांबली. मिल्कशेक नसला तरी मुतारी होती.

"रिअली?"

"वल्ला, शपथ! आणि नाण्यावर शेळी. ही बघ. आणि इकडे पार्थियन. त्यांच्यात एकाच टायमाला दोन राजे. दोघं बोलतात, मीच राजा."

"लाइक टू अ‍ॅडमिन्स?"

"हां, सेम ग्रुपचे. आणि कॅलेंडर कोणाचं? ग्रीकांचं! ज्यांना त्यांनी रिमूव्ह केलं त्यांचं."

जॅकेटवाले काका पुढे आले. "बेटा, शालिवाहनाने शकांना हरवलं, म्हणून हे सुरू झालं. ते सांग ना."

"काही लोक तसं बोलतात, अंकल. काही बोलतात शकांनीच चालू केलं, ते पार्थियनांच्या बाजूनं आले. नक्की कोणालाच माहीत नाय. मना पण नाय."

काकांना हे उत्तर कुठे ठेवायचं ते कळेना. म्हणून त्यांनी त्यांचं नेहमीचं काढलं. "पण तू मराठी छान बोलतेस हं!"

"तुम्ही पण छान बोलता, अंकल," धाकटी म्हणाली. मनापासून. शिकवलेल्या सभ्यपणाने.

माझी सगळी पत्रकं एका बाजूला आणि हे एका बाजूला! काकू आधी फसकन हसल्या, मग तोंड फिरवून पन्ह्याच्या पातेल्याकडे गेल्या आणि दोन जग घेऊन आल्या. "हे ठेव टेबलावर. रांग लावून पोरांना कोरडं पाठवायचं का?" बॅनरवरची स्ट्रॉबेरी मात्र तशीच राहिली. त्या दिवशी जी मुलं रोम आणि पार्थिया ऐकून गेली, त्यांना ते कायम कैरीच्या चवीचं आठवणार.

अब्बा केव्हा आले ते मला कळलं नाही. मिसळीच्या टेबलाला टेकून उभे होते, हातात कारखान्याची बॅग. मी जवळ गेले तेव्हा ते नेहमीप्रमाणे विचारतील असं वाटलं, काय म्हणाली? त्यांनी विचारलं नाही. ते नुसते ऐकत होते आणि पार्थियन राजांच्या ठिकाणी मान डोलावत होते, कळल्यासारखी.

घरी जाताना आम्ही एका कॅफेटेरियासमोर गाडी थांबवली. हॉलमध्ये शेक शेक ऐकून सगळ्यांनाच तहान लागली होती. वेटर खिडकीशी आला. अम्मीने सांगितलं, मी सांगितलं. अब्बांनी आरशातून मागे बघितलं.

"आणि तुला?"

मी कान देऊन बसले होते, खोटं का बोलू. हॉल वेगळा आणि घर वेगळं. खुर्चीवर चढून कोणीही बोलेल.

धाकटी खिडकीतून मेनूचा बोर्ड वाचत होती.

"मना आंबा," ती म्हणाली.

"हबीबी, मँगो," अब्बांनी वेटरला सांगितलं. "लार्ज."